पर्सिअस डिजिटल लायब्ररी: ग्रीक शोकांतिकेतल्या स्त्रिया ओळीओळीने तपासायच्या तर

‘बाईला शोभतं ते मौन.’ ग्रीक शोकांतिकांनी स्त्रियांना कसं वागवलं, या विषयावरच्या लेखांत हे वाक्य हमखास भेटतं आणि खाली नाव असतं सोफोक्लीसचं. नाटक ‘एजॅक्स’, ओळ २९३. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सिअस डिजिटल लायब्ररीत, म्हणजे प्राचीन ग्रंथांच्या ऑनलाइन संग्रहात, ही ओळ उघडून तिच्या मागच्या-पुढच्या वीस ओळी वाचल्या, तर चित्र बरंच बदलतं. बोल ग्रीक योद्धा एजॅक्सचे आहेत, पण ते आपल्याला सांगते टेक्मेसा, युद्धात हाती लागलेली आणि आता त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री. भर रात्री शस्त्र घेऊन निघालेल्या एजॅक्सला तिनं हटकलं, तेव्हा त्यानं हे ऐकवलं. हे त्याचं नेहमीचंच पालुपद, असंही ती आदल्याच ओळीत म्हणते. तो बाहेर पडला आणि शत्रू समजून गुरंमेंढरं कापून आला. म्हणजे गप्प बसवणारा भ्रमात होता आणि विचारणारी शुद्धीवर. अ‍ॅरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात ही ओळ नुसतं ‘कवी म्हणतो’ असं सांगून दिली आहे. बोलणाऱ्याचं नाव गाळून वाक्य उचलण्याची खोड इतकी जुनी आहे! ती मोडायची तर पर्सिअससारखं साधन दुसरं नाही.

सेवा मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. पूर्ण स्वरूपात टिकलेली नाटकं सगळी इथे आहेत: एस्किलसच्या नावावरची ७, सोफोक्लीसची ७ आणि युरिपिडीसच्या नावावरची १९, मूळ ग्रीक आणि इंग्रजी भाषांतरासह. साइटची दोन रूपं आहेत. जुनी चौथी आवृत्ती, जिला ‘हॉपर’ म्हणतात, आणि २०१८ मध्ये आलेला ‘स्केफ व्ह्यूअर’. स्केफ दिसायला स्वच्छ आहे, मूळ आणि भाषांतर शेजारी-शेजारी वाचायला सोयीचा आहे. तरी या विषयासाठी आमची पसंती जुन्या हॉपरला. कारण एकच, टीपा.

वापरायची रीत अशी. नाटककार आणि नाटक यांच्या नावांचा रूढ इंग्रजी संक्षेप आणि पुढे ओळीचा आकडा शोधचौकटीत टाकला की थेट त्या जागी जाता येतं. मधोमध संहिता येते. उजव्या रकान्यात भाषांतर आणि भाष्य यांच्यापुढे ‘लोड’ दाबलं की ते तिथेच उघडतं, ‘फोकस’ दाबलं की मधल्या जागेत येतं. संहिता तुकड्यांत दिसते, त्यांना ‘कार्ड’ म्हणतात. लांब भाषण एका कार्डात संपेलच असं नाही, म्हणून पुढचं कार्ड उघडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. इंग्रजी गद्यातले ओळींचे आकडे अंदाजे असतात. उद्धृत करताना आकडा ग्रीक पानावरूनच घ्यावा.

पुढचं कार्ड न उघडल्यानं काय होतं, याचा नमुना म्हणजे युरिपिडीसचं ‘मेडीआ’ (इ.स.पू. ४३१), नवऱ्यानं टाकलेल्या परदेशी बायकोचं नाटक. ‘जिवंत आणि विचार करणाऱ्या सगळ्यांत आम्ही बायका सर्वांत अभागी’ इथपासून ‘एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन उभी राहीन’ इथपर्यंतच्या २३० ते २५१ या ओळी सर्वत्र दिल्या जातात. हुंडा मोजून स्वतःच्या देहाला धनी विकत आणायचा, हा त्यातला मुद्दा आजही अंगावर येतो. पण भाषण सुरू होतं २१४ ला आणि संपतं २६६ ला. २५२ पासून मेडीआ कोरसमधल्या, म्हणजे गाणाऱ्या समूहातल्या, कॉरिंथच्या बायकांना सांगते की तुमची माझी गत एक नाही, तुम्हाला गाव आहे, माहेर आहे. आणि २६३ पर्यंत ती हवं ते मागून घेते: मी सूड घेईन तेव्हा तुम्ही गप्प राहा. तक्रार खरी आहे आणि ती डावपेचही आहे. दोन्ही एकाच तोंडी ठेवण्यातच युरिपिडीसची ताकद आहे.

आता भाष्याकडे. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ची ५७२ वी ओळ उघडा आणि या नाटकाचे संपादक रिचर्ड जेब यांचं भाष्य लोड करा. ‘प्रिय हेमॉन, तुझा बाप तुझा किती अपमान करतो!’ हेमॉन हा अँटिगनीचा वाग्दत्त वर. हस्तलिखितांत ही ओळ तिची बहीण इस्मीनी बोलते. जेब यांनी ती अँटिगनीला दिली. ती इस्मीनीची मानली, तर अख्ख्या नाटकात अँटिगनी हेमॉनचं नावही घेत नाही. भावासाठी मरायला निघालेली ही मुलगी प्रेयसी आहे की नाही, हे एका ओळीवर ठरतं आणि ती ओळ कुणाच्या तोंडी घालायची हे संपादक ठरवतात. आमचं मत हस्तलिखितांच्या बाजूनं आहे. अँटिगनीला प्रेमाचा उसासा हवाच, हा आग्रह वाचणाऱ्यांचा आहे, नाटकाचा नाही. तसंच ९०४ ते ९२० या ओळींचं. नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा मिळणार नाही, हा तिचा युक्तिवाद अनेकांना इतका खटकला की जेब यांनीही तो मागाहून घुसडलेला मानला. पर्सिअसवर लागलीच अ‍ॅरिस्टॉटलचं ‘ऱ्हेटरिक’ उघडता येतं, तिसऱ्या भागात त्यानं यातल्याच ओळी दिल्या आहेत. हेरोडोटसच्या तिसऱ्या भागात, ११९ व्या परिच्छेदात, एक पर्शियन स्त्री हाच हिशेब मांडते. तिन्ही पानं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

शब्दावर टिचकी मारली की व्याकरण आणि कोश उघडतात, ही सोय नावाजलेली आहे, पण फसवीही आहे. एकाच रूपाचे चार-पाच पर्याय येतात आणि त्यांतला कोणता संभवनीय हे आकडेवारीवरून सुचवलेलं असतं. ती सुचवणी प्रमाण मानू नये. ‘मेडीआ’ ३१४-३१५ मध्ये ती राजा क्रेऑनला म्हणते, ‘अन्याय झाला तरी आम्ही गप्प राहू, बलवंतांपुढे हरलो.’ साधन दाखवतं, पुल्लिंगी अनेकवचन. त्यावरून मेडीआ पुरुषाची भाषा बोलते असा सिद्धान्त उभारणं चूक आहे. शोकांतिकेत स्त्री स्वतःबद्दल अनेकवचनात बोलली की पुल्लिंगी रूप येणं हा नियमच आहे. (शिवाय हा कॉरिंथचा क्रेऑन. ‘अँटिगनी’तला थीब्जचा, तो वेगळा. नावानं शोध घेतला तर दोघांची सरमिसळ होते.)

सर्वांत मोठी उणीव मात्र शोधानं कधीच भरून निघणार नाही. शोध फक्त बोललेले शब्द देतो. टेक्मेसा ११६८ ला मुलाला घेऊन रंगमंचावर परत येते आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. बोलके नट तीनच, ते इतर भूमिकांत गुंतलेले, म्हणून तिच्या जागी न बोलणारा नट. पण मृतदेहाशेजारी ती दिसत राहते, आणि प्रेताचं काय करायचं यावर पुरुष भांडत राहतात. ‘अल्सेस्टिस’मध्ये मरणातून परत आणलेली बायको बुरख्यात उभी राहते, बोलत नाही. ‘अँटिगनी’त क्रेऑनची बायको युरिडिसी मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून निमूट आत जाते. संवाद मोजून ‘स्त्रियांना किती वाव’ हे ठरवणाऱ्याच्या तक्त्यात या तिन्ही जागा रिकाम्या राहतील. मुखवटे घालून या सगळ्या भूमिका पुरुषच करत, हेही संहितेच्या पानावर दिसत नाही.

भाषांतरं वेगवेगळ्या काळांतली आहेत, हे लक्षात असू द्या. जेब एकोणिसाव्या शतकातले, एस्किलससाठी स्मिथ १९२६ चे, ‘मेडीआ’ला डेव्हिड कोव्हॅक्स म्हणजे आपल्या काळातले आणि ‘बॅकी’ला बकली, थेट १८५० चे. तेव्हा ‘बॅकी’तली अगावी आणि मेडीआ यांच्या बोलण्याच्या धाटणीची तुलना या इंग्रजीवरून करायची नाही. तो फरक भाषांतरकारांचा असू शकतो. पहिल्या वाचनासाठी एकाच हातचं, अलीकडचं छापील भाषांतर घ्यावं आणि पर्सिअस पडताळणीला ठेवावं. हरवलेल्या नाटकांचे अवशेषही हॉपरवर शोधू नयेत. सोफोक्लीसच्या ‘टेरिअस’मधलं, माहेरी सुखात वाढून पुढे परक्या घरी विकल्या जाणाऱ्या मुलींबद्दलचं भाषण (अवशेष ५८३) या विषयाला अत्यावश्यक आहे आणि त्यासाठी अवशेषांची छापील आवृत्तीच काढावी लागते.