३० एएचची बॅटरी, वजन सहा किलो

इलेक्ट्रिक स्कूटरला बाहेरून लिथियम बॅटरी बसवून घेणार असाल आणि दुकानदार पक्क्या बिलाचं नाव काढताच विषय बदलत असेल, तर पैसे काढायच्या आधी हे वाचा. माझ्या धाकट्या भावाला मुंबईत, भर रस्त्यावरच्या दुकानात गंडवलंय.

त्याची स्कूटर ताशी २५ किलोमीटरवाली, पासिंग न लागणारी. मूळच्या बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या, १२ व्होल्टच्या ५, म्हणजे ६० व्होल्ट. तो भांडुप पश्चिमेला डबे पोचवतो. टेंभीपाड्याच्या बाजूला चढच चढ, तिथे गाडी दमायला लागली. एलबीएस रोडवरचा दुकानदार म्हणाला, "दादा, लिथियम टाका. ६० व्होल्ट, ३० एएच, तीन वर्षं वॉरंटी. चार्जर जुनाच चालेल, उगाच खर्च कशाला?" (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप.) निळ्या प्लास्टिकात गच्च गुंडाळलेला कोरा पॅक, वर एआयएस-१५६ चं स्टिकर. पैसे मात्र "भाच्याच्या नंबरवर टाका". बिल म्हणून शिक्का मारलेली चिठ्ठी दिली. त्यावर ना जीएसटी नंबर, ना पॅकचा सीरियल नंबर.

त्या स्टिकरला भुलू नका. एआयएस-१५६ हे गाडी आणि तिच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचं मानक आहे, त्यातले नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. गल्लीत जोडलेल्या पॅकवर तसं स्टिकर छापून चिकटवायला काही लागत नाही.

सुरुवातीला गाडी पळाली. मग अर्ध्या वाटेतच काटा खाली यायला लागला, चार्जिंगला लावलं की सीटखालचा डबा हात ठेववेना इतका तापायचा, आणि एका रात्री नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. लिथियम सेलमधलं द्रावण बाहेर यायला लागलं की असा वास येतो. घरातल्यांनी प्लग काढून गाडी चाळीच्या जिन्याखालून मोकळ्यावर नेली. जिना हा वरच्या सगळ्यांचा एकच रस्ता, आणि मुंबईत कितीतरी स्कूटर तिथेच चार्जिंगला लागतात. हे आधी बंद करा.

ओळखीच्या मेकॅनिकने पॅक उघडायच्या आधी शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला. सहा किलो दोनशे. तो हसलाच. त्याचा हिशेब असा: ६० व्होल्टसाठी साधारण १६ सेल ओळीने लागतात. पॅकमधला एक १८६५० सेल (बोटाएवढा गोल सेल) अडीच एएचचा धरला, तर ३० एएचसाठी अशा १२ रांगा, म्हणजे १९२ सेल. एका सेलचं वजन जवळपास ४५ ग्रॅम. नुसते सेलच साडेआठ किलोच्या वर जातात. वायरी, पत्र्याचा डबा वेगळाच. ३० एएच सहा किलोत बसवणारा माणूस एकतर जादूगार किंवा चोर.

प्लास्टिक कापल्यावर बाकीचं दिसलं. सेलची वेष्टनं तीन रंगांची: फिकट हिरवी, जांभळी, काही राखाडी. टोकांवर जुन्या निकेल पट्ट्या उपटल्याचे खरबरीत डाग, त्यावरच नवीन पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने मारलेल्या. बीएमएसवर, म्हणजे सेलचं चार्जिंग सांभाळणाऱ्या सर्किटवर, तापमानाच्या सेन्सरची जागा होती, वायरच जोडलेली नव्हती. कुठल्यातरी भंगार पॅकमधले सेल काढून, पुसून, पुन्हा गुंडाळलेले. जुने सेल एकसारखे चार्ज होत नाहीत, कमजोर सेलवर सगळा ताण येतो.

आणि "जुनाच चार्जर चालेल" हे तर जिवावरचं. १६ ओळींचा असा पॅक पूर्ण भरतो ६७.२ व्होल्टला, सेलमागे ४.२. लेड-ॲसिडचा ६० व्होल्टवाला चार्जर ७३ च्या आसपास जातो. मध्ये फक्त ते स्वस्तातलं बीएमएस उभं, ते बिघडलं की सेल फुगणार. चार्जरच्या लेबलवर 'आउटपुट' लिहिलेलं असतं, ते बॅटरीशी जुळवूनच प्लग लावा. गाडी चालवून आल्या आल्या लावू नका, बॅटरी निवू द्या. रात्रभर लावून झोपू तर नकाच. बॅटरी साचलेल्या पाण्यात बुडाली असेल तर दाखवल्याशिवाय चार्ज करू नका.

दुकानदाराकडे गेलो तर पहिलं वाक्य, "पाणी गेलं असणार, वॉरंटीत नाही बसत." पॅक कोरडा ठणठणीत होता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयच्या पावत्या, चिठ्ठी, काट्यावरचा आणि उघडलेल्या पॅकचा फोटो जपून ठेवलेत. तक्रारीचं कळल्यावर त्याचा फोन आला: निम्मे पैसे देतो, पॅक परत आणा. भावाने विचारलं, तुमच्या मते खराब झालेला पॅक तुम्हाला कशाला हवा? उत्तर आलं नाही. पॅक आम्ही दिलेला नाही. दिला असता तर नवं निळं प्लास्टिक चढवून तो दुसऱ्या कुणाच्या तरी सीटखाली गेला असता.