महिनाभर क्वारंटाईन केलेला म्हणून पावडर ब्लू मासा विकला, पिशवीसुद्धा उघडली नव्हती

मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्यांनी, खास करून जे आता नवीन सुरू करतायत त्यांनी हे पूर्ण वाचा. सध्या "क्वारंटाईन केलेले मासे" (म्हणजे रोग पसरू नये म्हणून आधी वेगळ्या टाकीत ठेवून उपचार केलेले) म्हणून जादा पैसे लावून विकायचं पेव फुटलंय. काही जण खरंच मेहनत घेतात, पण काही जण मासा एक रात्रसुद्धा स्वतःच्या टाकीत न ठेवता आलेली पिशवी तशीच पुढे पाठवतात. मी पुण्यात राहतो आणि माझा एक मित्र ठाण्यात, आम्ही दोघांनी मुंबईच्या एकाच माणसाकडून एकाच लॉटमधले पावडर ब्लू टँग घेतले आणि दोघंही फसलो. तक्रार चालू आहे म्हणून नाव टाकत नाही.

जाहिरात काय होती तर ३० दिवस कॉपरमध्ये (परजीवी मारणारं तांब्याचं औषध घातलेल्या पाण्यात) ठेवलेला, फ्रोजन आणि पेलेट दोन्ही खाणारा, १.०२५ सॅलिनिटीला (खारेपणाला) सेट झालेला, थेट डिस्प्लेत (मुख्य टाकीत) सोडा. बाहेर साडेतीन हजाराच्या आसपास मिळणारा मासा याच्याकडे साडेसहाला. आणि मला ते पैसे जास्त वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत, कारण महिनाभर एक मासा वेगळा ठेवायचा, रोज कॉपर तपासायचं, पाणी बदलायचं, त्यात मेला तर नुकसान आपलं, हे काम खरंच कोणी केलं तर त्याला तेवढे मिळालेच पाहिजेत. पावडर ब्लूच्या बाबतीत तर नक्कीच, कारण व्हाईट स्पॉट आणि वेल्व्हेट हे परजीवींचे रोग या माशाला सगळ्यात आधी धरतात हे आपल्यातल्या सगळ्यांना माहितीय.

बॉक्स ट्रॅव्हल्सच्या बसने पहाटे पुण्यात वाकडला आला. थर्माकोल उघडला तर पिशवीभोवती तमिळ पेपर गुंडाळलेला. मला तमिळ वाचता येत नाही पण तारीख आकड्यातच असते, ती दोन दिवसांपूर्वीची होती. म्हणजे माल चेन्नईहून निघाला तेव्हाच पॅक झालेला. पिशवीचे रबर आत रुतलेले, ऑक्सिजन निम्मा उतरून पिशवी मऊ पडलेली, पाणी पिवळट, तळाला विष्ठा. रिफ्रॅक्टोमीटरवर सॅलिनिटी १.०१९ आली, १.०२५ कुठल्या कुठे. आणि अमोनियाच्या टेस्टचा रंग इतका गडद हिरवा झाला की एका रात्रीच्या मुंबई-पुणे प्रवासाचं ते पाणीच नव्हे.

विक्रेत्याचा व्हिडिओ पण परत काढून बघितला. "कालचाच आहे दादा, बघा कसा खातोय" म्हणून पाठवलेला. त्यातल्या माशाचा खालचा पर मागच्या बाजूला चांगला फाटलेला आहे, माझ्याकडे आलेल्याचा अख्खा होता. पर एका दिवसात भरून येत नाही. मासाच दुसरा होता.

इथे पिशवीबद्दल थोडं सांगतो, कारण नंतर विक्रेत्याने सगळं खापर माझ्या अ‍ॅक्लिमेशनवर, म्हणजे माशाला नव्या पाण्याची सवय लावण्यावर, फोडलं. मासा बराच वेळ बंद पिशवीत असला की त्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली जातो, त्या कमी पीएचला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात राहतो, जे तेवढं विषारी नसतं. पिशवी उघडली की गॅस निघून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनियात बदलायला लागतं. म्हणून लांबून आलेल्या माशाला त्याच पाण्यात ठेवून तासभर ड्रिप लावणं (टाकीचं पाणी थेंबथेंब सोडणं) म्हणजे त्याला हळूहळू भाजणं. बरोबर पद्धत अशी की पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं तरंगवायची, तापमान जुळलं की उघडून लगेच सॅलिनिटी मोजायची, क्वारंटाईन टाकीचं पाणी तेवढ्यालाच आणून मासा सोडायचा, पिशवीचं पाणी फेकून द्यायचं आणि मग पुढचे काही दिवस सॅलिनिटी हळूहळू वर न्यायची. खाली जाणं माशाला फारसं जड जात नाही, एकदम वर जाणं सोसत नाही. मी क्वारंटाईनची टाकी १.०१९ ला आणूनच मासा सोडला. कोणी काहीही सांगितलं तरी नवीन मासा माझ्याकडे आधी वेगळ्याच टाकीत जातो, त्यामुळे माझा डिस्प्ले वाचला.

मासा मात्र नाही वाचला. खाणं नाहीच. दुसऱ्या दिवशी लाईट लावला की कोपऱ्यात, नाहीतर पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड करून उभा, कल्ले भराभर चालतायत. टॉर्च तिरकी धरली तेव्हा अंगावर पिठासारखी बारीक सोनेरी धूळ दिसली. वेल्व्हेट. व्हाईट स्पॉटचे दाणे मिठाएवढे मोजता येतात, हे मोजता येत नाही, आणि दिसेपर्यंत कल्ले बऱ्यापैकी गेलेले असतात. कॉपर चढवायला सुरुवात केली होती, पण पुरेशा लेव्हलला न्यायच्या आतच गेला. ३० दिवस नीट कॉपरमध्ये राहिलेल्या माशावर आल्या आल्या वेल्व्हेट असं फुटत नाही.

ठाण्याच्या मित्राने जाहिरातीत लिहिलं होतं तसं केलं, थेट डिस्प्लेत सोडला. त्याच्यासाठीच तर जादा पैसे दिले होते ना. आठवड्याच्या आत क्लाऊनची जुनी जोडी, यलो टँग, रॅस, सगळे मासे गेले. विक्रेता म्हणतो "दादा, तुमच्या पाण्यात प्रॉब्लेम असणार". पाण्यात प्रॉब्लेम असता तर आधी कोळंबी मेली असती, पण त्याची क्लीनर श्रिंप, गोगलगायी सगळं ठणठणीत आहे. हा परजीवी फक्त माशांनाच धरतो. आता त्याला तो टँक निदान सहा आठवडे बिनमाशांचा ठेवावा लागणार, वेल्व्हेटबरोबर व्हाईट स्पॉट पण आला असेल तर ७६ दिवस धरून चालायचं.

पैशांचं विचारलं तर गॅरंटी फक्त डीओएची (मासा मेलेला पोचला तरच), तीही बंद पिशवीच्या व्हिडिओवर दोन तासात. म्हणजे पिशवीत जिवंत आला की त्याची जबाबदारी संपली. मग ३० दिवसांचे पैसे कशाचे घेतले? पेपरचा फोटो पाठवला त्या दिवशी आम्हा दोघांना ब्लॉक केलं.

घेण्याआधी काय बघायचं ते सांगतो. क्वारंटाईनच्या टाक्या व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. त्याच टाकीत किंवा त्याच संपवर (टाक्यांना पाणी फिरवणाऱ्या सामाईक टाकीवर) कोळंबी, अ‍ॅनिमोन दिसले की समजा तिथे कॉपर नाही, कारण उपचाराच्या कॉपरमध्ये ते जगूच शकत नाहीत. बऱ्याच दुकानात सगळ्या टाक्या एकाच संपला जोडलेल्या असतात, तिथे क्वारंटाईन हा शब्दच लागू होत नाही, आज आलेल्या माशाचं पाणी महिन्यापूर्वीच्या माशाला जातंय. कॉपर कोणतं आणि किती ठेवता ते विचारा. आयॉनिक असेल तर ०.१५ ते ०.२० पीपीएम, चिलेटेड असेल तर साधारण २ ते २.५, आणि जो खरंच रोज मोजतो तो आकडा पटकन सांगतो. काही जण नुसतं थोडं कॉपर आणि कमी सॅलिनिटी ठेवतात, त्याने रोग दबतो, जात नाही, तुमच्याकडे आल्यावर वर येतो. आणि माझ्या मते सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे अर्धे पैसे देऊन मासा अजून दहा दिवस तुमच्याकडेच ठेवा म्हणायचं, अधेमधे कॉल करून खाताना बघायचं. आमच्यावाल्याला मित्राने आधी हे विचारलं होतं, तर म्हणे जागा नाही, आजच उचला. महिनाभर ज्याच्याकडे जागा होती त्याच्याकडे दहा दिवस नव्हती.

मागच्या काही महिन्यात मुंबईहून ट्रॅव्हल्सने असा मासा मागवला असेल तर बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ, आतला पेपर, पिशवी, यूपीआयचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा. बिल नसलं तरी तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, आम्ही दोघांनीही तिथेच केली आहे, तुम्हीही करा.