पहिली रांग की मिक्सरची बाजू?

आवडत्या इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांच्या बाहेर वाढलेलं रॉक संगीत) बँडचं तिकीट मिळालं की पुढचा प्रश्न उरतो, उभं कुठे राहायचं. स्टेडियममध्ये तो तिकिटानेच सुटलेला असतो. पण हे बँड बऱ्याचदा काही शे माणसं मावतील अशा, खुर्च्या नसलेल्या हॉलमध्ये वाजवतात, आणि तिथे जो तो आपली जागा धरतो. मधली गर्दी मी हिशोबात घेत नाही. तिथे कुणी ठरवून जात नाही, ढकललं जातं. खरी निवड दोनच जागांमधली: स्टेजसमोरच्या बॅरिकेडला चिकटून पहिली रांग, नाहीतर मागे साउंड इंजिनिअरच्या मिक्सरजवळ, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवायच्या यंत्राजवळ. दोन्हीकडे भरपूर उभा राहिलोय. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण पुढच्या रांगेवर उगाच अन्यायही करायचा नाही.

पुढे उभं राहिल्यावर जे दिसतं, त्याला मागे तोड नाही. गिटारचा आवाज बदलणाऱ्या कुठल्या पेडलवर पाय पडला की गिटार एकदम चवताळते, गाणं संपवायच्या आधी ड्रमर बेसवाल्याकडे कसा बघतो, जमिनीला टेपने चिकटवलेल्या सेटलिस्टवर (त्या दिवशीच्या गाण्यांच्या यादीवर) ऐनवेळी पेनाने काय खोडलंय, हे सगळं हातभर अंतरावर असतं. काही बँडच्या बाबतीत तर नुसतं गिटार बदलणंही बघण्यासारखं. सॉनिक यूथचंच घ्या. २०११ मध्ये हा बँड थांबला, पण तोवर त्यांच्याकडे वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या गिटारींचा ताफाच असायचा, आणि कुठली गिटार गळ्यात आली यावरून पुढचं गाणं काय, याचा अंदाज बांधता यायचा. १९९९ मध्ये त्यांचा सामानाचा ट्रक चोरीला गेला, तेव्हा तशाच दुसऱ्या गिटारी दुकानातून उचलून आणता येतील अशी सोयच नव्हती; त्यांवर बसवलेली गाणीही अडचणीत आली. अशा गोष्टींचं ज्याला वेड आहे, त्याने पुढेच जावं.

लवकर येऊन ताटकळणं, एकदा जागा सोडली की ती परत न मिळणं, मागून बसणारे कोपर, हे सगळं मी खुशीने सोसलं असतं. माझं बिनसलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून.

लहान हॉलमध्ये गायकाचा आवाज तुमच्यापर्यंत येतो तो दोन्ही बाजूंना लावलेल्या मोठ्या स्पीकरमधून, आणि त्यांची तोंडं असतात हॉलच्या पोटाकडे. पहिल्या रांगेत मधोमध उभा असलेला माणूस त्यांच्या माऱ्याबाहेरच राहतो. स्टेजवरचे मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, त्याच्याकडे तोंड करून असतात, त्यांचाही आपल्याला फारसा उपयोग नाही. मोठ्या ठिकाणी पुढच्यांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात; लहान ठिकाणी ते असतीलच असं नाही. मग पुढच्याला ऐकू येतात ते उघडे ड्रम आणि ज्याच्यासमोर तो उभा आहे तो गिटारचा ॲम्प, म्हणजे तिचा स्वतःचा स्पीकर.

शब्दांचं मी चालवून घेतलं असतं. आवडत्या बँडचे शब्द पाठच असतात, न ऐकू आलेली ओळ मन आपोआप भरून काढतं. पण माझ्या आवडत्या बँडमध्ये दोन गिटारी आहेत. एकीने अर्धं वाक्य टाकायचं, दुसरीने ते तोडून पूर्ण करायचं, अशी त्यांची रीत. टेलिव्हिजन बँडमध्ये टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड यांनी सत्तरच्या दशकात जे केलं, त्याच घराण्यातलं म्हणा. आणि गिटारच्या ॲम्पमधले वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात; बाजूला सरकलात की ते बोथट होतात. मी डावीकडे उभा असताना उजव्या गिटारवाल्याची बोटं पडद्यांवर भराभर पळताना दिसत होती, आणि कानावर त्यातलं काहीच येत नव्हतं. त्या जागी फक्त झांजांचा कल्ला. ज्या तुकड्यासाठी मी ते गाणं पुन्हा पुन्हा लावतो, तो माझ्यासमोर वाजला आणि मी तो ऐकला नाही.

मिक्सरजवळ हे होत नाही, निदान माझ्या बाबतीत झालेलं नाही. कारण साधं आहे: इंजिनिअर स्वतःच्या कानाला जे पटतं त्यावर आवाज जुळवतो, आणि त्याचे कान तिथे असतात. साउंडचेक, म्हणजे आवाजाची आधीची चाचणी, रिकाम्या हॉलमध्ये झालेला असतो. माणसं भरली की कपडे आणि शरीरं वरचे सूर शोषतात, म्हणून पहिली एकदोन गाणी तो चाचपडत असतो. गायकाच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर, ठेवलेलं त्याचं बोट हळूच वर सरकतं आणि पुसट ओळ एकदम सुटी होऊन पुढे येते, हे शेजारी उभं राहून बघणं हा वेगळाच कार्यक्रम आहे.

मागच्या जागेचेही जाच आहेत. समोर डोकीच डोकी, आणि हळू गाणं सुरू झालं की गप्पा मारणारे नेमके तिथेच जमतात. काही हॉलमध्ये मिक्सर कोपऱ्यात किंवा बाल्कनीखाली कोंबलेला असतो. भिंतीलगत बेस फुगतो, त्यामुळे तिथे काही पावलं पुढे, मध्याच्या जरा जवळ आलेलं बरं.

कानांची काळजी दोन्हीकडे घ्यायचीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा सुचवली, आणि कानठळ्या बसवणाऱ्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या कार्यक्रमांत तर प्रेक्षकांना इअरप्लग वाटले जात. फोमचे प्लग वरचे सूर जास्त खातात, संगीतकारांसाठीचे बरेच समतोल असतात. तरी मला पुढून परतल्यावर कानात जी शिट्टी वाजत राहते, ती मागून आल्यावर क्वचित वाजते.

पहिल्यांदाच बघत असाल आणि चेहरे बघायचे असतील तर माझं ऐकू नका. गाणी तोंडपाठ असतील तर मात्र एकदा मागे उभे राहून बघा. आणि बँडमध्ये गिटार एकच असेल, तर माझ्या तक्रारीतली निम्मी हवा तिथेच जाते. खुशाल पुढे जा, फक्त ॲम्पच्या थेट तोंडासमोर उभे राहू नका.