पोवळी लाल भिंत: एक पावसाळा काढल्यानंतर

बैठकीच्या भिंतीला फेब्रुवारीत रंग दिला, आता नऊ महिने झाले. गोव्यात पावसाळा काढल्याशिवाय रंगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आता लिहितोय.

भिंत १२ बाय १० फूट, म्हणजे १२० चौरस फूट. ‘दोन हात पुरे’ असं पेंटर सांगतात. या रंगाला चार लागले. गडद लाल छटा पारदर्शक बेसमध्ये, म्हणजे दुकानात रंगद्रव्य मिसळायच्या मूळ रंगात, बनतात. त्यात झाकण्याचं काम करणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ नसतं, आणि चमकदार लाल रंगद्रव्य स्वतः फारसं झाकत नाही. एका लिटरात एका हाताची साधारण १२० चौरस फूट भिंत होते, म्हणजे चार लिटर धरा. प्रायमर पांढरा न ठेवता दुकानातच फिका गुलाबी करून घेतला तर बहुधा एक हात वाचतो. आम्हाला हे उशिरा सुचलं. डबे दोन असतील तर आधी बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर भिंतीच्या मध्यावरच छटा बदलते.

खरा प्रश्न ओलीचा. रंगाआधी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. रंगाचा डबा उघडूच नका. नवा सिमेंटचा गिलावा किमान २८ दिवस सुकू द्या, कारण त्यातला क्षार लाल रंगद्रव्याला खातो आणि फिकट डाग पडतात. आमच्याकडे जुलैत खिडकीखाली हातभर जागेत लोणा (ओलीबरोबर भिंतीबाहेर येणारा पांढरा क्षार) फुटला. क्रीम भिंतीवर तो कुणाला दिसला नसता, इथे मीठ शिंपडल्यासारखा दिसतो. कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने पुसला की क्षार विरघळून परत भिंतीत जातो. बाहेरची भेग बुजवल्यावरच तो थांबला.

गणेश चवथीच्या तोंडावर रंग द्यायची आपली सवय या छटेला मुळीच मानवत नाही, कारण तेव्हाच भिंती सर्वांत ओल्या असतात. जानेवारी ते एप्रिल हाच काळ बरा. माटोळीमागे (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीमागे) ही भिंत मात्र झकास दिसली, हे कबूल करायला हवं.

जुन्या चिऱ्याच्या, चुन्याचा गिलावा असलेल्या घरांत प्लास्टिक इमल्शन टाळा. ओल आत अडकते आणि पोपडे सुटतात. तिथे चुन्यात काव मिसळून देता येते, ती क्षारात टिकते. पण रंग विटकरी येतो, पोवळी नव्हे.

मॅट फिनिश घेतला, ही चूक. सोफ्याची पाठ घासते तिथे चकाकणारा पट्टा उमटलाय, आणि ओल्या फडक्याला अजून किंचित गुलाबी लागतं. सॅटिन, म्हणजे हलक्या चमकीचा, घ्यायला हवा होता. ठिगळासारखा टचअपही लपत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा मारावी लागते.

उजेडाचं म्हणाल तर ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात रंग खुलतो, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली थंड, गुलाबट पडतो. दुपारी पांढऱ्या छतावरही त्याची झाक येते. त्यामुळे उरलेल्या तीन भिंती मोतिया पांढऱ्याच ठेवल्यात, आणि पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर तर लाल नकोच. तिथे तो सर्वांत आधी विटतो.