खारा वारा आणि मुरमाड उतार: गंगापूर धरणाकाठची एक वाइन चाखणी

गंगापूर धरणाच्या जलाशयाकडे उतरणाऱ्या टेकडीवरील एका वायनरीने फेब्रुवारीत ठेवलेल्या चाखणीला मी गेलो, ते मुख्यतः एकाच आकर्षणापोटी. स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यावरील रियास बायशासची आल्बारिन्यो आणि वायनरीच्या स्वतःच्या बागेतील सॉव्हिन्यो ब्लाँ या दोन पांढऱ्या वाइन तिथे शेजारी-शेजारी चाखायला मिळणार होत्या. माणशी दीड हजार रुपयांत पाच वाइन आणि बागेतून एक फेरी, असा बेत होता.

आल्बारिन्योला लिंबाच्या सालीचा आणि किंचित पीचचा वास होता, आंबटपणा धारदार होता आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांवर खारट झाक रेंगाळत राहिली. ग्रॅनाइटची चवच मुळांवाटे पेल्यात उतरते, असे माहिती देणाऱ्या तरुणाने ठासून सांगितले. ते मला पटले नाही. खडक वेलीला स्वतःची चव देत नाही. जमीन पाणी किती धरते आणि किती सोडते, यावर वेलीचे वागणे ठरते. गॅलिसियाच्या त्या किनाऱ्यावर पाऊस भरपूर, परंतु ग्रॅनाइट झिजून झालेली रेताड जमीन पाणी साचू देत नाही. समुद्रामुळे उन्हाळा सौम्य राहतो, म्हणून द्राक्षातील आम्ल टिकते. आणि दमट हवेत घड कुजू नयेत यासाठी वेली दगडी खांबांच्या उंच मांडवावर चढवतात, म्हणजे खालून वारा खेळतो. मांडव निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला नवा नाही, फक्त आपल्याकडे त्याच्या पानांची सावली घडांना उन्हापासून वाचवते, तर तिकडे घड कोरडे ठेवणे हे त्याचे मोठे काम असते.

नाशिकची सॉव्हिन्यो ब्लाँ चाखताना हा फरक अधिक स्पष्ट झाला. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर असला, तरी मधल्या सह्याद्रीमुळे त्याचा खारा वारा बागेपर्यंत पोहोचत नाही, आणि पावसाचा मोठा वाटाही इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवरच रिता होतो. सुमारे ६०० मीटरच्या उंचीमुळे हिवाळी रात्री गार असतात, मात्र वेलीला खरी झोप लागावी इतकी थंडी पडत नाही. म्हणून एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना घडांसाठी फळ छाटणी आणि वर्षातून एकच पीक, ही इथली रीत. गॅलिसियात द्राक्षे सप्टेंबरमध्ये, रात्री गार होत जाताना काढतात; इथे घड थंडीत भरतो आणि पिकता पिकता ऊन चढत जाते. तिकडे आम्ल राखण्याचे जे काम समुद्र करतो, ते इथे काढणीची तारीख करते. आठवडाभर उशीर झाला, तरी आम्ल घटून वाइन ढिली पडू शकते.

ही वाइन ढिली नव्हती. पेरूचा आणि ओल्या गवताचा वास, मागून हिरव्या मिरचीचा हलका ठसका आणि स्वच्छ आंबटपणा होता; आल्बारिन्योची लांबी, म्हणजे घोटानंतर रेंगाळणारी चव, मात्र तिच्यात नव्हती. बागेच्या फेरीत मी मुरमाचे ढेकूळ उचलले, ते बोटांत सहज भुगा झाले. गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत मणी टपोरा होतो आणि बाजारात खपतो, परंतु वाइनसाठी तो पाणचट ठरतो. या उतारावरचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा होता. चेनिन ब्लाँ गोडसर होती, तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तक्रारी दोन आहेत. काढणीच्या तारखेचे एवढे महत्त्व असताना चाखणीच्या कार्डावर एकाही वाइनच्या काढणीचे वर्ष छापलेले नव्हते, आणि विचारल्यावर पाहून सांगतो असे म्हणून गेलेला तरुण परतलाच नाही. दुसरी तक्रार, शिराझ ही लाल वाइन दुपारच्या उकाड्यात तापलेल्या खोलीच्या तापमानालाच ओतली. पहिल्या घोटाला फक्त मद्याचा झणका आला. बर्फाची बादली मागवून बाटली पंधरा मिनिटे तीत ठेवल्यावर काळ्या मिरीचा वास उलगडला आणि शेजारच्या टेबलावरूनही बादलीची मागणी झाली. कॅबर्ने सॉव्हिन्यो मग त्याच बादलीतून आली आणि बरी लागली. सोबतचे चीज रबरासारखे होते.

मी सॉव्हिन्यो ब्लाँच्या दोन बाटल्या विकत घेतल्या. जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, काढणी सुरू असताना जावे आणि लाल वाइन ओतण्याआधीच बर्फ मागून ठेवावा.