जावक क्रमांक बरोबर होता

चौतीस वर्षं मी सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत काढली. बिलावर एक सही कमी असली तरी ते परत पाठवणारा माणूस अशी माझी ख्याती होती, आणि ती काही कौतुकाची नव्हती. त्याच माणसाने 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या धाकाने, स्वतःच्या अक्षरात आरटीजीएसची, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची, स्लिप भरून ३ लाख ४० हजार रुपये चोरांच्या हवाली केले. हे लिहायला बसायला मला सात महिने लागले.

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन आला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज : तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी ९ दाबा. मी दाबला. पलीकडच्या मुलीने अतिशय अदबीने सांगितलं की माझ्या आधारवर दुसरं सिमकार्ड निघालंय आणि त्यावरून लोकांना घाणेरडे मेसेज गेलेत. आधारचे शेवटचे चार आकडे तिने बरोबर सांगितले. हे आकडे आज कुठूनही मिळतात, कारण हॉटेलपासून सिमकार्डच्या दुकानापर्यंत आपणच झेरॉक्स वाटत फिरलेलो असतो. पण त्या क्षणी वाटलं, हिला माहीत आहे म्हणजे ही सरकारी.

'तक्रार नोंदवायला थेट पोलिसांना जोडून देते' म्हणत तिने फोन पुढे दिला. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे भिंतीवर राजमुद्रा, वायरलेसची खरखर. सगळं हिंदीत. पहिली पाच मिनिटं 'सर', मग एकदम 'तू'. 'तेरे नाम पे मनी लाँडरिंग का केस है.' एका बँकेत माझ्या नावाचं खातं उघडून त्यातून काळा पैसा फिरवला गेलाय, म्हणे. मी घाबरून नाही नाही म्हणू लागलो, तेवढ्यात दुसरा 'साहेब' आला. हा मऊ बोलायचा. 'अंकल, मला माहीत आहे तुम्ही सज्जन आहात. मी तुम्हाला यातून काढतो, फक्त मला साथ द्या.' पहिल्याला मी घाबरलो होतो, पण फसलो ते या दुसऱ्यामुळे.

त्याने अटकेचा आदेश पाठवला. आणि इथे माझी नोकरीच माझ्यावर उलटली. मी काय पाहिलं? जावक क्रमांक आहे, दिनांक आहे, गोल शिक्का आहे, पदनाम आहे. म्हणजे कागद खरा. आयुष्यभर मी कागदाचा चेहरा पाहत आलो, तोच त्यांनी मला दाखवला. त्या आदेशात एकाच बाबतीत दोन वेगवेगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. एरवी मी तो फाइलमध्येच घेतला नसता.

मग अट. 'नॅशनल सीक्रेट ॲक्ट' लागलाय, बायकोलाही सांगायचं नाही, सांगितलं तर तिलाही उचलू. असा कायदाच नाही. आपल्याकडे आहे तो १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट, आणि बायकोशी बोलण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण हे विचारायचं कुणाला? बायको लेकीकडे गेली होती. कॅमेरा चालू ठेवून झोपायचं, असा हुकूम होता. रात्री दोनला कूस बदलली तर फोनमधून आवाज आला, 'अंकल, कुठे चाललात?' खरं सांगतो, भीतीपेक्षा लाज जास्त होती. शेजाऱ्याला कळलं की याच्या घरी पोलीस, तर? त्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं ते कायद्याचं नाव घेऊन, पण ते मी बंद ठेवलं अब्रूपायी.

मंगळवारी सकाळी 'तपासणी'. खात्यातली रक्कम त्यांच्या 'निगराणी खात्या'त टाकायची, पैसा स्वच्छ निघाला की अर्ध्या तासात परत. सरकारात पैसा चलनाचा फॉर्म भरून जातो, लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या ठरलेल्या सदराखाली, जमा होतो, त्याची पावती निघते. हे मी नव्या कारकुनांना शिकवलंय. आणि त्या स्लिपवर लाभार्थी म्हणून मी लिहिलं एका कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव. हात थांबला होता क्षणभर. पण खिशात फोन चालू होता आणि पलीकडून ऐकत होते.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, 'काका, एवढी रक्कम कशासाठी?' उत्तर त्यांनी आधीच पढवलं होतं : पुतण्याच्या फ्लॅटसाठी. मी ते उत्तर चोख दिलं.

घरी आल्यावर मऊ साहेब म्हणाला, पहिली तपासणी ठीक झाली, आता मुदत ठेवी मोडा. तो समजावत होता तेवढ्यात बायको आली, तीन वाजून गेले होते. मी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प राहायला खुणावलं. ती ऐकेल ती कसली. स्क्रीनवरचा माणूस, माझा चेहरा, टेबलावरची बँकेची स्लिप, सगळं बघून तिने मोठ्याने विचारलं, 'अहो, पोलीस पैसे घेतायत, तर पावती दिली का?'

पलीकडून कॉल कट झाला. मी खुर्चीतच रडलो.

तिनेच १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा क्रमांक, पाठ करून ठेवा. त्यांना हवं असतं ते : किती रक्कम, किती वाजता, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँक त्या व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक. ही माहिती मिळाली की ते पुढच्या बँकांना रक्कम रोखायला कळवतात. आमचे साडेतीन तास गेले होते. तेवढ्यात पैसा तुकडे होऊन बऱ्याच खात्यांत पांगला होता. ७१ हजार अडकवता आले, बाकी गेले. हाच फोन बँकेच्या पायरीवरून केला असता तर? असो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करता येते, पण पैसे नुकतेच गेले असतील तर आधी फोन. पैसे गेले नाहीत, नुसताच संशयास्पद कॉल आला, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू' या सुविधेत तो नंबर कळवता येतो.

सायबर पोलीस ठाण्यातला हवालदार मुलाच्या वयाचा होता. म्हणाला, 'काका, अटक करायची तर आम्हाला दारात यावं लागतं. फोनवर कसली अटक?' डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच कायद्यात नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. अटक झालेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. मी २९ तास माझ्याच बेडरूममध्ये 'अटकेत' होतो, आणि मॅजिस्ट्रेट सोडा, चहाही स्वतःच करून पीत होतो.

महिनाभराने आणखी एक फोन आला. 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा.' फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, हे तेव्हा कळलं. या वेळी फोन मी सरळ बायकोच्या हातात दिला.

अडकवलेले ७१ हजार कोर्टाच्या आदेशानंतर जमा झाले. ते पासबुकात भरून घ्यायला गेलो तेव्हा त्याच बाई काउंटरवर होत्या. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. त्या म्हणाल्या, 'एसी चालू असताना तुम्हाला घाम फुटला होता. मी बघितलं होतं, पण मागे रांग होती.' आता त्या अशा माणसाला आधी केबिनमध्ये नेतात आणि फोन बाहेर टेबलावर ठेवायला लावतात.