हृदय नीट भरतंय का? इको की कॅथेटर?

हृदयाचा डावा खालचा कप्पा जोरात आकुंचन पावतो, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ५० टक्क्यांच्या वर असतं, तरी जिना चढताना माणसाला धाप लागते. दोष पिळण्यात नसून सैल होण्यात असतो. कप्पा ताठर झाला की तो भरण्यासाठी दाब वाढतो आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. हा दाब ओळखायचा कसा?

इकोकार्डिओग्राफीत (इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, आणि तपासणी हवी तितक्या वेळा करता येते. पण ती दाब थेट मोजत नाही, अंदाज बांधते. मायट्रल झडपेतून (डाव्या कप्प्यात रक्त सोडणारी झडप) येणाऱ्या रक्ताचा वेग (ई) आणि झडपेजवळच्या स्नायूचा वेग (ई-प्राइम) यांचं सरासरी गुणोत्तर १४ च्या वर गेलं, तर दाब वाढल्याचा संशय बळावतो. ८ ते १४ च्या मधले रुग्ण मात्र अधांतरी राहतात, आणि असे रुग्ण थोडे नसतात.

कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी, दाब प्रत्यक्ष मोजतो. त्याची खरी ताकद व्यायामात दिसते. झोपून सायकल चालवताना फुप्फुसातला वेज दाब (हृदयाच्या डाव्या बाजूचा भरण्याचा दाब दाखवणारा) २५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत किंवा त्यापुढे गेला, तर विश्रांतीत लपलेला आजार उघड होतो. मात्र नळी रक्तवाहिनीत घालावी लागते, रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, आणि अनुभवी हात सगळीकडे मिळत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात इकोनेच करावी. पण इको संदिग्ध आणि धाप खरी असेल, तर ‘वय झालं’ म्हणून रुग्णाला परत पाठवू नये. कॅथेटरचा विचार तिथेच करायला हवा.